गळा गेला, गाणं राहिलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या बाईला बोलायला बोलावलं म्हणजे ती कवितेवरच बोलणार, अशी तुमची समजूत असेल. पण आज मी बोलणार आहे इंग्लंडमधल्या काही वयोवृद्ध गायक-वादकांबद्दल. विषय सांगितला तेव्हा आमच्या घरातसुद्धा हसू झालं. मिरजेची बाई, मराठी घेऊन बी.ए. झालेली, हिचा आणि इलेक्ट्रिक गिटारचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आमच्या अम्मीमुळे जुळला.

अम्मीला २०१९ साली अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला सगळं समजायचं, माणसं ओळखू यायची, पण तोंडातून शब्द म्हणून काही फुटत नसे. २०२४च्या पावसाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि त्याला इंग्रजी गाण्यांचा नाद. तो नानीच्या खाटेशी बसून फोनवर काहीतरी ऐकत होता. मला म्हणाला, ‘‘खाला, हे ऐक. या बाईनं गाणी लिहिली आहेत, पण तिचा आवाज गेलाय. म्हणून तिची गाणी दुसऱ्यांनी गायलीत. ही आपल्या नानीचीच गोष्ट आहे.’’

त्या बाईचं नाव लिंडा थॉम्पसन. गाण्यांच्या त्या संचाचं नाव ‘प्रॉक्सी म्युझिक’. प्रॉक्सी म्हणजे बदली. कॉलेजात आपण मैत्रिणीची हजेरी लावायचो ना, तीच प्रॉक्सी. एका जुन्या प्रसिद्ध इंग्रजी बँडच्या नावावर केलेली ही कोटी आहे. त्या बँडच्या १९७२ सालच्या पहिल्या तबकडीवर एक तरुण मॉडेल पहुडलेली होती. सत्तरी उलटलेल्या लिंडाबाईंनी तशीच पोझ घेऊन आपलं मुखपृष्ठ काढलं आहे. आवाज गेलेल्या माणसाला एवढा विनोद सुचतो, हे पाहून मी त्या बाईंच्या मागेच लागले. भाच्याकडून ऐकत गेले, वाचत गेले. तेच आज सांगते.

गोष्ट सुरू होते १९६७ साली, उत्तर लंडनमधल्या मसवेल हिल या वस्तीत. तिथे ‘फेअरपोर्ट’ नावाचं एक घर होतं. सायमन निकोल या मुलाच्या कुटुंबाचं. तिथे काही पोरं जमून तालमी करायची. घराच्या नावावरून त्यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’. सायमन निकोल, वयानं जरा मोठा अ‍ॅश्ली हचिंग्ज, आणि अठरा वर्षांचा गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन. २७ मे १९६७ रोजी एका चर्चच्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत मार्टिन लँबल नावाचा मुलगा होता. कार्यक्रम संपल्यावर तो म्हणाला, तुमच्या ड्रमवाल्यापेक्षा मी चांगलं वाजवतो. त्यांनी त्याला वाजवून पाहिलं आणि ठेवूनच घेतलं. वयच तसं होतं.

सुरुवातीला ही पोरं अमेरिकन गाणी म्हणायची. १९६८ साली त्यांच्यात सँडी डेनी ही गायिका आली आणि वारं फिरलं. ती लोकगीतांच्या अड्ड्यांवर गाऊन आलेली होती. इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी गाणी तिला तोंडपाठ. गाडीत, ग्रीनरूममध्ये ती सहज गुणगुणायची. एकदा खलाशाच्या प्रेयसीचं एक जुनं गाणं बँडनं तिच्यामागे धरलं. गिटार, बास, ड्रम, सोबत डेव्ह स्वारब्रिक यांचं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. ते गाणं अकरा मिनिटं चाललं. एखादी लाट हळूहळू चढत जावी तसं ते आहे. मला त्यातले सगळे शब्द कळले नाहीत. पण चढत्या लयीत आपल्याकडे कव्वाल काय करतात ते मी दर्ग्यात लहानपणापासून पाहिलं आहे. ते मला कळलं.

आणि मग १२ मे १९६९ आला. बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून रात्री बँडची गाडी लंडनला परतत होती. पहाटे महामार्गावर चालकाला डुलकी लागली. गाडी उलटली. मार्टिन लँबल गेला. वय एकोणीस. रिचर्डची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीही गेली. बाकीचे जखमी झाले. वाचलेल्यांपुढे प्रश्न होता, बँड मोडायचा की चालू ठेवायचा? त्यांनी चालू ठेवायचं ठरवलं. पण मार्टिनबरोबर वाजवलेली गाणी पुन्हा वाजवायची नाहीत, असंही ठरवलं. त्यांना नवं काहीतरी हवं होतं. ते त्यांना सगळ्यांत जुन्या ठिकाणी सापडलं.

त्या उन्हाळ्यात विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन गावात एक मोठं घर भाड्यानं घेऊन सगळे एकत्र राहिले. नवा ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स आला, स्वारब्रिक कायमचे आले. हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधल्या ग्रंथालयात जाऊन लोकगीतांची बाडं चाळत बसे. मी स्वतः ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. हा रॉकवाला पोरगा वाचनालयात बसलेला मला फार आवडला. सेसिल शार्प हे संगीताचे शिक्षक. १९०३ साली सॉमरसेटमधल्या एका खेड्यात त्यांनी एका माळ्याला काम करता करता गाताना ऐकलं आणि ते गाणं लिहून घेतलं. तिथून त्यांनी हजारो गाणी टिपली. त्यांच्याआधी हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी इंग्रजी-स्कॉटिश कथागीतं गोळा केली होती. ती ३०५ आहेत, आणि प्रत्येकाखाली जितकी रूपं सापडली तितकी दिली आहेत. कुठलं खरं, कुठलं खोटं, हा प्रश्नच नाही. जितके गळे तितकी रूपं.

त्यातली काही गाणी या पोरांनी उचलली. परीच्या राणीनं पळवून नेलेल्या तरुणाची गोष्ट, मालकिणीच्या प्रेमात पडून जीव गमावलेल्या पोराची गोष्ट. त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड दिली. डिसेंबर १९६९ मध्ये ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी निघाली. यालाच पुढे इंग्लिश फोक-रॉक म्हणू लागले. सोवळ्यात राहणाऱ्या लोकगीतवाल्यांनी नाकं मुरडली. पण २००६ साली बीबीसी रेडिओच्या लोकसंगीत पुरस्कारांत श्रोत्यांनी हिलाच आजवरची सर्वांत प्रभावी लोकसंगीत-तबकडी म्हणून निवडलं. ज्या १९६९ साली आपण शाहीर अमर शेख यांना मुकलो, त्याच सालची ही गोष्ट. डफावर पडणाऱ्या थापेत जुनं गाणं नव्यानं कसं पेटवायचं, हे अमर शेखांनी आपल्याला त्याआधीच दाखवलं होतं.

श्रोतेहो, मी ज्या गावची आहे तिथे घराणं हा शब्द मुलांना बाराखडीआधी कळतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेत राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. घराण्यात शिष्य येतात, शिकतात, वेगळे होतात, आपली वाट काढतात. पण गळ्यातली खूण जात नाही. फेअरपोर्टचं नेमकं तसं झालं.

‘लीज अँड लीफ’ बाजारात येण्याआधीच हचिंग्ज बाहेर पडला. त्याला अजून जुन्याकडे जायचं होतं. त्यानं ‘स्टीलाय स्पॅन’ उभा केला. त्यात मॅडी प्रायर होती, जिनं पुढे एकल गायन केलं, जून टेबरबरोबर जोडीनं गायलं, आणि तरीही स्टीलाय स्पॅनचं नाव राखलं. हचिंग्ज तिथूनही निघाला आणि त्यानं अल्बियन बँड काढला. जिथे जाईल तिथे नवं बिऱ्हाड मांडणारा माणूस.

सँडीही निघाली. तिनं ‘फॉदरिंगे’ हा स्वतःचा बँड काढला, मग एकटीच्या तबकड्या काढल्या. लेड झेपेलिन हे नाव तुमच्या घरातल्या मुलांना ठाऊक असेल. त्यांच्या १९७१ सालच्या एका गाण्यात ती पाहुणी म्हणून गायली. वेळ कुठे जातो कुणास ठाऊक, अशा आशयाचं तिचं गाणं जगभर गेलं. ते तिनं अगदी तरुणपणी लिहिलं होतं. २१ एप्रिल १९७८ रोजी ती वारली. वय फक्त ३१.

फिडलवाले स्वारब्रिक यांची एक मजेची गोष्ट सांगते. ते मार्टिन कार्थी या लोकगायकाबरोबर साठच्या दशकापासून जोडीनं वाजवत आणि पुढेही दोघं पुन्हा एकत्र आले. १९९९ साली ते इस्पितळात होते, तेव्हा लंडनच्या एका मोठ्या दैनिकानं त्यांचा मृत्युलेख छापून टाकला. माणूस जिवंत! त्यांनी तो वाचला. कॉव्हेंट्रीत आपण काही पहिल्यांदाच मेलेलो नाही, असं ते म्हणाले. आपल्याकडे नाटकवाले म्हणतील ना, की अमुक गावात माझा प्रयोग पडला होता, तसं. २००४ साली त्यांची दोन्ही फुप्फुसं बदलली आणि त्यानंतरही ते वाजवत राहिले. ते गेले २०१६ साली.

आणि मूळ बँड? तो १९७९ साली थांबला. ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी या खेड्यात ऑगस्टमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी पुन्हा भेटू म्हणून जमले, मग दर वर्षी जमू लागले, आणि त्याचा मोठा उत्सवच झाला. वर्षभर जो तो आपापल्या वाटेनं. ऑगस्टमध्ये सगळे एका शेतात. उरुसच म्हणा की! २००७ साली तिथे ‘लीज अँड लीफ’ सगळीच्या सगळी पुन्हा वाजवली गेली. सँडीच्या जागी ख्रिस व्हाइल ही गायिका उभी राहिली. म्हणजे बदलीचा गळा तिथेही होताच.

आता रिचर्ड आणि लिंडा यांच्याकडे येते.

रिचर्डनं १९७१ साली फेअरपोर्ट सोडलं. १९७२ मध्ये त्यानं एकट्याची तबकडी काढली, ती पडली. त्याच वर्षी त्यानं लिंडाशी लग्न केलं. लिंडा लंडनमध्ये जन्मलेली, ग्लासगोत वाढलेली, लोकगीतांच्या अड्ड्यांवर आणि जाहिरातींत गाणारी. दोघांनी मिळून जी पहिली तबकडी केली ती १९७३ सालीच तयार झाली होती. पण तेलाच्या संकटात तबकड्यांना लागणाऱ्या प्लॅस्टिकचा तुटवडा पडला आणि ती १९७४ उजाडेपर्यंत आली नाही. तो लिहिणार, ती गाणार. त्याची गाणी काळीकुट्ट आणि तिचा आवाज स्वच्छ, कुठेही गहिवर न घालणारा. दुःखाचं गाणं रडून म्हणायचं नसतं, हे आपल्या जात्यावरच्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. लिंडाला ते कुणी शिकवलं कोण जाणे.

याच सुमारास दोघांनी इस्लाम स्वीकारला. लंडनमधल्या एका सूफी जमातीत ते दाखल झाले. १९७५ सालच्या ‘पोअर डाऊन लाइक सिल्व्हर’ या तबकडीवर त्याच्या डोक्याला फेटा आहे आणि तिच्या डोक्यावर ओढणी. त्यांचा मुलगा टेडी १९७६ साली त्या जमातीतच जन्मला. आणि इथे एक गोष्ट घडली, जी मला पुष्कळ दिवस सलत राहिली. जमातीच्या शेखनी रिचर्डला इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवली. १९७५ ते १९७८ या काळात दोघांची नवी तबकडी नाही.

मी मिरजेच्या दर्ग्याच्या सावलीत वाढलेली. सूफी म्हटलं की मला वाद्यंच आठवतात. आमच्या सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे येतात, त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. करणारे हात बहुतेक मुसलमानांचे. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. उरुसात करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्र रात्र गाणं होतं. चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब गायचे, हे सांगताना आमचे म्हातारे अजून कानाच्या पाळीला हात लावतात. तेव्हा सूफी पीर गाणाऱ्याला गाणं सोडायला सांगतो, हे मला पचेना. पण विचार केला तर सगळे सूफी काही एका माळेचे नाहीत. चिश्ती परंपरेनं समा, म्हणजे गाणं ऐकणं, ही साधना मानली. दुसऱ्या कित्येकांनी वाद्यांपासून चार हात दूर राहणं पसंत केलं. हा वाद आमच्या घराघरांत आहे. मी तो इथे सोडवणार नाही. एवढंच सांगते की गाणाऱ्यानं आपणहून काही काळ गप्प बसणं निराळं आणि त्याला गप्प बसवणं निराळं. रिचर्डनं पुढे गिटार पुन्हा हाती घेतली आणि इस्लामही सोडला नाही. नमाजी माणूस आणि रॉकचा गिटारवादक, दोन्ही एका अंगात नांदले. मला त्यात काही विपरीत वाटत नाही. आमच्या गल्लीत अजान झाली की रंधा बाजूला ठेवून लोक मशिदीत जातात आणि परत येऊन तंबोऱ्याची जवारी काढतात.

लिंडासाठी मात्र तो काळ कठीण गेला. जमातीत बायकांच्या वाट्याला काय आलं हे तिनं नंतर मोकळेपणानं सांगितलं आहे. त्यानं गिटार ठेवली ती स्वतः ठरवून. तिचा गळा मिटला तो त्याच्या निर्णयानं. दोघंही गप्प, पण दोन्ही गप्प बसणं सारखं नव्हतं. ही गोष्ट वाचताना मी तिथेच थांबले होते. आपल्या किती घरांत असं झालं असेल!

१९७८ साली ते परतले. १९८२ मध्ये ‘शूट आऊट द लाइट्स’ आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. ती येईपर्यंत संसार मोडला होता. गाणी आधीची होती, तरी ऐकणाऱ्यांना ती घटस्फोटाचीच वाटली. तरीही दोघांनी त्या वर्षी अमेरिकेत एकत्र दौरा केला. एका रंगमंचावर, एका माइकसमोर. कसा केला असेल?

पुढे रिचर्डची एकट्याची वाट भरभराटीची झाली. १९९१ सालचं त्याचं एका मोटारसायकलवरचं कथागीत आज जुन्या लोकगीतासारखं गायलं जातं. अमेरिकेतल्या प्रयोगशील वादकांशी जोडी, डॅनी थॉम्पसन या बासवादकाबरोबर कारखान्यांच्या इंग्लंडवर केलेली ‘इंडस्ट्री’ ही तबकडी, चित्रपटाचं संगीत, असं पुष्कळ काही. सहस्रक संपताना एका अमेरिकन मासिकानं त्याला हजार वर्षांतली उत्तम गाणी विचारली. मासिकाला वाटलं असेल, हा पन्नास वर्षांतली सांगेल. त्यानं शब्दाला शब्द धरला आणि अकराव्या शतकापासून यादी दिली. ती छापली गेली नाही. मग त्यानं त्याचाच कार्यक्रम केला आणि तबकडीही काढली.

लिंडाची वाट दुसरीकडे गेली. तिच्या गळ्याचा विकार सत्तरच्या दशकातच सुरू झाला होता. त्याला डिस्फोनिया म्हणतात. यात स्वरयंत्राचे स्नायू आपल्या मर्जीविरुद्ध आकडतात. गळ्याला इजा नसते, सूर डोक्यात शाबूत असतो, पण आवाज बाहेर पडताना मध्येच तुटतो. काहींना गळ्यात औषधाची सुई देतात, तेवढ्यापुरता आराम पडतो. कायमचा इलाज नाही. १९८५ मध्ये तिनं एकटीची तबकडी काढली आणि मग जवळजवळ सतरा वर्षं काही नाही.

२००२ साली ती परतली. संचाचं नाव ‘फॅशनेबली लेट’, म्हणजे थाटात उशिरा. मुलगा टेडी आता स्वतः गायक झाला होता, त्याच्यासोबत तिनं गाणी लिहिली. आणि त्यातल्या एका गाण्यात गिटार वाजवायला आणि सूर धरायला कोण आलं असेल? रिचर्ड. २००७ आणि २०१३ साली आणखी दोन संच आले. दर वेळी गळा थोडा अधिक हट्टी. २०१४ साली टेडीनं सगळ्या घराला एका तबकडीत बसवलं. आई, बाप, बहीण कॅमी, सावत्र भाऊ, भाचा. एका खोलीत नाही हं. गाणी इकडून तिकडे पाठवून. नाव काय, तर ‘फॅमिली’. मोडलेलं घर गाण्यात उभं राहिलं.

शेवटी असा दिवस आला की गाता येईना. तेव्हा तिनं गाणी लिहून दुसऱ्यांच्या हवाली केली. जून २०२४ मध्ये ‘प्रॉक्सी म्युझिक’ आलं. कॅमी गायली, टेडी गायला, मार्टिन कार्थींची मुलगी एलायझा गायली, स्कॉटलंडचे जुळे भाऊ प्रोक्लेमर्स गायले. त्याच्या काही आठवडे आधी रिचर्डचाही नवा संच आला होता. पंचाहत्तरी उलटलेला तो अजून स्वतः गातो आहे, आणि ती आपली गाणी इतरांकडून ऐकते आहे. कोण अधिक गातंय, हे मला सांगता येणार नाही.

आता अम्मीकडे येते.

अम्मीचं माहेर मिरज तालुक्यातलं खेडं. घरात जातं होतं. तिच्या ओव्या मराठी होत्या. पिराची ओवी, विठोबाची ओवी, भावाची, सासरची, पोटुशी राहिलेल्या जावेची. त्यात मधूनच एखादा दखनी शब्द यायचा, भाकरीत मिठाचा खडा लागावा तसा. पिठाची गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण अम्मी गहू निवडताना, लग्नाची हळद दळताना म्हणायची. शेकड्यांनी असतील. मी कवितेची पुस्तकं काढली, लोकसाहित्यावरचे ग्रंथ नोंदवून कपाटात लावले. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यावर कौतुकाचं भाषणही केलं. आणि घरातल्या ओव्या? पुढच्या सुट्टीत लिहू, पुढच्या रमजाननंतर लिहू. २०१९ साली तिची वाचा गेली तेव्हा माझ्या वहीत तिच्या सात ओव्या होत्या. सात.

भाच्यानं लिंडाबाईंची गाणी ऐकवली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी अम्मीच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं, भाभीला बसवलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. मी अम्मीला सांगितलं, ‘‘अम्मी, आज या म्हणतील, तू ऐक. चुकलं तर सांग.’’ कसं सांगणार? तिचा डावा हात चालत होता. पहिली ओवी भाभीनं म्हटली. अम्मीनं पंजा उघडून वर केला. थांब. भाभीनं ओळ बदलली. पुन्हा पंजा. तिसऱ्यांदा खालानं योग्य शब्द घातला, आणि अम्मीनं मांडीवर ताल धरला. तिच्या तोंडाची एक बाजू हसली.

असे आम्ही पावसाळाभर बसलो. एखादी ओवी तीन बायकांच्या तुकड्यांतून जुळायची. एखादीची पहिली ओळच सापडायची आणि अम्मी डोळे मिटून घ्यायची. पुढचं तिच्यापाशी होतं आणि तिच्यापाशीच राहिलं. मिळून ६१ ओव्या झाल्या. जे गेलं त्याच्यापुढे हे मूठभर आहे, आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे. अम्मी त्याच हिवाळ्यात गेली.

श्रोतेहो, तुमच्या घरात गाणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळीच बसा. फोन सगळ्यांकडे आहे. लोकसाहित्याचा अभ्यास नको, चांगलं अक्षरही नको. फक्त बसा.

एक शेवटची बैठक सांगते आणि थांबते. भावाची ओवी चालू होती. भाऊ माहेराहून बहिणीला न्यायला बैलगाडीतून येतो, अशी ती. भाभीची बारा वर्षांची मुलगी मध्येच सुरात सूर मिसळून म्हणाली की भाऊ एस.टी.नं आला. सगळ्या बायका हसल्या. मग एकदम गप्प झाल्या आणि अम्मीकडे पाहू लागल्या. मीसुद्धा पेन उचललेलं तसंच धरून बसले. आता पंजा वर जाणार.

अम्मीनं पोरीकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचा डावा हात हळूच मांडीवर पडला, आणि ताल सुरू झाला.